मटारची भुरी: पहिल्या पिढीत सगळीच झाडं पांढरी पडली, क्रॉस फसला का?

सासवडजवळ आमचं थोडं रान आहे, अण्णा वर्षानुवर्षं मटारचं अर्केल वाण लावतात कारण लवकर तोडा मिळतो, पण उशिराची लावण झाली की थंडीत भुरी हा बुरशीचा रोग असा येतो की पानं, देठ, शेंगा सगळ्यावर पीठ सांडल्यासारखं दिसतं, आणि गंधक फवारून अण्णांचे डोळे चुरचुरतात ते मला बघवत नाही. म्हणून मी बंगळुरूच्या संस्थेचं अर्का अजित वाण आणलं, ते भुरी नि तांबेरा दोन्हीला प्रतिकारक आहे, आणि अर्केलच्या कळ्या उमलायच्या आत चिमट्यानं पुंकेसर काढून क्रॉस केला. ११ दाणे मिळाले.

पहिल्या पिढीत अकराही झाडांना भुरी आली!! रडायलाच आलं, पण बी टाकवेना. यंदा तेच पेरलं तर ६१ पैकी १४ झाडं एकदम स्वच्छ, शेजारची पांढरीफटक. ही १४ खरंच प्रतिकारक आहेत की नुसती वाचलीत? आणि अर्केलचा लवकरपणा यांच्यात आणायचा कसा? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, क्रॉस मस्त जमलाय, बी जपा. मटारमध्ये भुरीसाठी सगळ्यात जास्त वापरतात तो ईआर-१ जीन, १९४८ साली पेरू देशातल्या मटारात नोंदलेला, तो रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून त्याची प्रत आली तरच गुण दिसतो. बुरशीला पेशीत शिरायला झाडाचं एमएलओ नावाचं प्रोटीन लागतं, ईआर-१ म्हणजे त्याच जीनची बिघडलेली प्रत, हे २०११ मध्ये कळलं. एक प्रत जरी चांगली असली तरी बुरशीला दार उघडं, म्हणून पहिली पिढी सगळी आजारी. दुसरीत चारात एक स्वच्छ, म्हणजे ६१ मध्ये साधारण १५, तुमची १४ आहेत.

तरी खात्री कराच. प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा, पुढच्या हंगामात वेगळ्या ओळीत पेरा, मधेमधे अर्केल लावा म्हणजे रोग भरपूर राहील, आणि त्या प्लॉटवर गंधक अजिबात नको. खरी प्रतिकारक असेल तर अख्खी ओळ स्वच्छ राहील, नुसतं वाचलेलं झाड असेल तर ओळीत भुरी दिसेलच.

लवकरपणासाठी स्वच्छ झाड परत अर्केलशी क्रॉस करा. ती पिढी पुन्हा पांढरी पडेल, घाबरू नका, तिचं बी पेरून त्यातली स्वच्छ आणि लवकर फुलणारी निवडा. दर क्रॉसनंतर ही एक जादा पिढी जातेच, रिसेसिव्ह जीनला इलाज नाही.