मदत हवी आहे: पुणे आणि चिपळूण, दोन घरांत मिळून फोटोंचा बॅकअप कसा ठेवावा?

मंडळी, नेमकं काय हवंय ते आधी सांगते. आई-बाबा चिपळूणला, मी पुण्यात. घरचे सगळे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रांचे स्कॅन मिळून साधारण ८०० जीबी होतात. पुण्यात एक छोटा सर्व्हर ठेवायचा, त्यावर इमिच (आपले फोटो आपल्याच सर्व्हरवर ठेवून बघायचं सॉफ्टवेअर) चालवायचं आणि रोज रात्री त्याचा बॅकअप आपोआप चिपळूणला जायचा, असं डोक्यात आहे. दोन गावांत असं काही कुणी चालवलं असेल, त्यातही एक टोक कोकणात असेल, तर तुमचा अनुभव वाचायचाय.

दोन घरं कशाला, तेही सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्यात गेला आणि अल्बम होते कपाटाच्या खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर एकेक फोटो स्वच्छ पाण्यातून काढून दोरीवर चिमट्यांनी लावला. साध्या खिशांच्या अल्बममधले बरेच वाचले. चिकट पानांवर प्लास्टिकचा कागद असायचा, त्या अल्बममधले मात्र सुटता सुटेनात. जरा ओढलं की रंगाचा थर प्लास्टिकबरोबर निघून यायचा. आत्याच्या लग्नाच्या एका फोटोत मांडव शाबूत आहे, मुंडावळ्या दिसतात, चेहरा नाही. त्यामुळे एकाच घरात कितीही डिस्का ठेवल्या तरी मी त्याला बॅकअप मानत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी, आणि चिपळूणला ती वरच्या मजल्यावरच राहील.

वाचलेले फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलेत. ४ बाय ६ इंचाचा फोटो ३६०० बाय २४०० पिक्सेलचा होतो आणि टिफमध्ये (तपशील न गमावता फोटो साठवायचा प्रकार) २६ एमबीच्या आसपास जातो. जेपेग केलं तर जागा खूपच वाचेल, पण मूळ फोटो आता फार दिवसांचे सोबती नाहीत, तेव्हा टिफच ठेवणार आहे.

आता मुख्य काळजी. सध्या इमिच माझ्या लॅपटॉपवर चालवून बघतेय. आई पुण्याला आली की संध्याकाळी बसून चेहऱ्यांना नावं देते. सॉफ्टवेअर एका माणसाचे फोटो एकत्र करून समोर ठेवतं आणि ती सांगते, ही गुहागरची मावशी, हा बाबांचा शाळेतला मित्र, ही समोरच्या वाड्यातली काकू. ही माणसं ओळखणारं तिच्याशिवाय आमच्याकडे कुणी उरलेलं नाही. ही नावं फोटोच्या फाइलमध्ये जात नाहीत, ती इमिचच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये राहतात. म्हणजे नुसते फोटो वाचवले आणि डेटाबेस गेला, तर आईचं सगळं काम गेलं. इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत काढून आपल्याच अपलोड फोल्डरमध्ये ठेवतं आणि शेवटच्या १४ प्रती राखतं. मी ३ वाजता रेस्टिक (पासवर्डने बंद केलेला बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) चालवून तो अख्खा फोल्डर चिपळूणला पाठवायचा विचार करतेय.

पहिला प्रश्न इथेच आहे: अशा बॅकअपमधून कोऱ्या मशीनवर सगळं परत उभं करून कुणी पाहिलंय का, नावांसकट? बॅकअप झाला म्हणणारे खूप भेटतात. परत आणून बघितलेल्याचं सांगणं मला जास्त मोलाचं वाटतं.

मशीनचं बोलायचं तर कंपन्यांमधून निघालेले छोटे डेस्कटॉप सेकंडहँड मिळतात. त्यातला सहाव्या किंवा सातव्या पिढीचा इंटेल आय-५, रॅम १६ जीबी, असा घ्यावा की नवा एन-१०० (इंटेलचाच कमी वीज खाणारा प्रोसेसर) वाला मिनी पीसी? दोन्ही निवांत असताना कमीच वीज खातात. सरासरी १२ वॅट धरले तरी महिन्याला ९ युनिटच्या आत बसतं, त्यामुळे बिलाची चिंता नाही. व्हिडिओचा विचार केला तर सातवी पिढी बरी वाटते, कारण १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) हार्डवेअरवर उलगडण्याची नीट सोय तिथून पुढे आहे आणि आमच्याकडे नव्या फोनचे तसले व्हिडिओ बरेच आहेत.

चिपळूणला रास्पबेरी पाय ४ (एका पाटीवरचा छोटा संगणक) आहे. त्याला यूएसबी हार्ड डिस्क लावायची. तिथे फक्त रेस्टिकचा रेस्ट-सर्व्हर (बॅकअप स्वीकारून ठेवणारा भाग) चालेल, तोही अपेंड-ओन्ली (नुसती भर घालता येईल असा), म्हणजे उद्या पुण्याच्या मशीनमध्ये कुणी घुसलं तरी तिकडचा जुना बॅकअप पुसता येणार नाही. पायच्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात आणि फिरणारी डिस्क सुरू होताना त्याच्या जवळपास जाऊ शकते, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घेणार आहे. कुठला हब टिकतो?

विजेचं दुखणं वेगळंच. पावसाळ्यात तिथे दिवसातून कितीदा लाइट जाईल सांगता येत नाही. घरी इन्व्हर्टर आहे, पण लाइट गेल्यावर तो सुरू होण्याच्या त्या क्षणात पाय बंद पडून परत चालू होतो. शिवाय पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. राउटरच्या आधी पाय उठला की इंटरनेट मिळेपर्यंत त्याला खरी वेळ कळत नाही, आणि वेळ चुकीची असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. बारीक आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवरचं घड्याळ) लावलं की हे सुटतं असं वाचलंय. बाबांना तिथे बसून काही करायला लागू नये, एवढीच माझी अट आहे. ते ७० च्या पुढे आहेत, "ते तुझं यंत्र" कपाटावर असल्याचं त्यांना चालतं, पण रात्री ११ ला फोन करून वायर काढून लावायला मी त्यांना सांगणार नाही.

दोन्हीकडे फायबर आहे, पण दोन्हीकडे सीजीनॅट, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. स्वतःचा सार्वजनिक आयपी नसल्याने पोर्ट उघडायची सोयच नाही. टेलस्केलने (दूरची मशीन खासगी जाळ्यात जोडणारी सेवा) जोडणी होते हे करून बघितलं, मात्र कधी ती थेट लागते, कधी मधल्या रिलेवरून जाते, आणि रिलेवर वेग फारच पडतो. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सुरू केल्यावर थेट जोडणी कायम मिळते, असा कुणाचा अनुभव आहे का?

पुण्याचा अपलोड वेग ४० एमबीपीएस. तो पूर्ण मिळाला तरी ८०० जीबी जायला ४४ तास, आणि तेवढा वेळ चिपळूणची लाइन सलग राहणं अवघड आहे. रेस्टिक मध्येच तुटलं तरी पुढच्या वेळी पोचलेला डेटा पुन्हा पाठवत नाही, हे ठाऊक आहे. तरी पहिली प्रत पुण्यातच डिस्कवर काढून गणपतीला जाताना बरोबर नेणार. त्यानंतर रोजचं असं कितीसं असणार, नव्या फोटोंपुरतंच.

याच मशीनवर आणखी एक काम टाकायचंय आणि ते माझ्या मुलासाठी आहे. तो आणि नागपूरची भाची शनिवारी संध्याकाळी लुआंती हा ठोकळ्यांनी जग बांधायचा खेळ खेळतात (ऑक्टोबर २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं). फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, कुणी हरत-जिंकत नाही. दोघांनी मिळून त्यात एक किल्ला बांधलाय, तटबंदी, चोरदरवाजा, पाण्याची टाकी सगळं आहे. सध्या हे जग मुलाच्या लॅपटॉपवर असल्याने तो नसेल तर भाचीला आत जाता येत नाही. सर्व्हरवर ठेवलं तर दोघांनाही कधीही जाता येईल. किल्ल्याचाही बॅकअप व्हायला हवा, त्यांच्या लेखी तो आमच्या अल्बमइतकाच मोलाचा आहे. नकाशा एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) फाइलमध्ये असतो आणि सर्व्हर चालू असताना ती नुसती कॉपी केली तर प्रत अर्धवट निघू शकते, म्हणून पहाटे सर्व्हर दोन मिनिटं बंद करून प्रत घ्यायचं ठरवलंय. इमिच चेहरे शोधायला लागलं की प्रोसेसर भरतो. त्या वेळी खेळ अडखळतो का?

भर: पहिले प्रतिसाद वाचले, मनापासून आभार. दोघांनी रेड (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहायची पद्धत) सुचवलंय. त्याने एक डिस्क बिघडल्यावर काम थांबत नाही हे खरं, पण चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कांवरून एकदमच जातो आणि पाण्यात दोन्ही एकत्रच बुडतात. सिंकथिंगचंही (दोन मशीनवरचे फोल्डर सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर) तेच, एका टोकाला पुसलं की ते दुसऱ्या टोकाला पोचतं. फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय त्यात आहे, पण ती आठवणीने सुरू करावी लागते. क्लाऊडबद्दल विचारणाऱ्यांसाठी: १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली तेव्हापासून पैसे भरतोच आहोत, आणि निवडक फोटो तिथे राहतीलही. पण आईने दिलेली नावं तिथून बाहेर काढता येतील याची मला खात्री वाटत नाही.

एक प्रश्न अजून कुणी हातात घेतलेला नाही. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप उघडायला दुसरी वाट नाही. तो मी कागदावर लिहून आई-बाबांच्या बँक लॉकरमध्ये आणि नागपूरला बहिणीकडे, असा दोन ठिकाणी ठेवणार आहे. माझं काही बरंवाईट झालं तर बहिणीला तो वापरून फोटो बाहेर काढता यायला हवेत, आणि तिचा या तंत्राशी काही संबंध नाही. तिच्यासाठी त्या कागदावर पासवर्डशिवाय आणखी काय काय लिहून ठेवावं? कुणी घरच्यांसाठी असा कागद केला असेल तर त्यातले मुद्दे इथे टाका, म्हणजे गणपतीला डिस्कबरोबर तोही नेता येईल.