फ्रीबीएसडी जेलमध्ये ग्रुप दिला तरी परमिशन डिनाइड, मदत हवी आहे

मंडळी, घरच्या जुन्या पीसीवर फ्रीबीएसडी टाकलंय, त्यात एक जेल (मुख्य सिस्टीमपासून वेगळा बंदिस्त कप्पा) काढून आत एन्जिनेक्स वेब सर्व्हर, पीएचपी आणि घरच्यांपुरती फोटोंची साइट चालवतोय. फोटो होस्टवर (जेलबाहेरच्या मूळ सिस्टीमवर) झेडएफएस फाइलसिस्टीममध्ये आहेत आणि तिथूनच नलएफएसने (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवतं) जेलमध्ये माउंट केलेत, कारण तेच फोल्डर सांबावरून (नेटवर्कवर फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) बायकोच्या लॅपटॉपवर पण दिसायला हवं (लॉगिन माझंच).

आधी तर भलतंच. होस्टवर फाइली माझ्या नावावर, आणि जेलमध्ये शिरून एलएस -एल (फाइलींची यादी मालकासकट) मारलं तर मालक जेलमधला 'गिट' युजर! एलएस -एलएन (नावांऐवजी आयडीचे आकडे) केलं तेव्हा कळलं, दोन्हीकडे आकडा १००१ च. जेलमध्ये युजर आयडीचं मॅपिंग वगैरे नसतंच, कर्नलला आकडा कळतो, नाव ज्याच्या त्याच्या पासवर्ड फाइलमधून, आणि अ‍ॅडयुजर पहिल्या युजरला दोन्हीकडे १००१ देऊन मोकळं.

वेब सर्व्हरचा युजर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, आयडी ८०. म्हणून दोन्हीकडे २००० नंबरचा एकच ग्रुप केला, होस्टवर त्यात मी, जेलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, फोल्डरला तो ग्रुप आणि परमिशन ७७० (मालक आणि ग्रुपला सगळं, इतरांना काही नाही). आता जेलच्या आत एसयू करून (म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू बनून) त्या युजरने टच मारलं तर फाइल बनते, पण ब्राउझरमधून अपलोड केलं की परमिशन डिनाइड. काय राहिलंय? ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) सुचवू नका प्लीज, तेच करायचं तर जेलचा खटाटोप कशाला.

उत्तर: ग्रुप दिल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी, मागे सतत चालू असलेली सर्व्हिस) रीस्टार्ट केलंत का? प्रोसेसला ग्रुपची यादी सुरू होतानाच मिळते, नंतर ग्रुप फाइलमध्ये काहीही लिहा, चालू असलेल्या प्रोसेसला त्याचा पत्ता नसतो. एसयूने दरवेळी नवी प्रोसेस निघते म्हणून तिथे चालतं. प्रोकस्टॅट -एस ला (प्रोसेसचे युजर, ग्रुप दाखवणारी कमांड) पीएचपी-एफपीएमचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) देऊन बघा, २००० दिसणार नाही.

धागाकर्ता: खरंच नव्हता! रीस्टार्ट केल्यावर अपलोड व्हायला लागलं, आभार. पण आता पुढचं लचांड, नवी फाइल ६४४ ने येते. मालक ८०, ग्रुप बरोबर २००० (बीएसडीत नवी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते, ते एक बरंय), पण ग्रुपला राइट नाही, त्यामुळे लॅपटॉपवरून फोटो डिलीट करता येतो आणि साधा फिरवून सेव्ह करता येत नाही. पीएचपीला यूमास्क (नव्या फाइलीतून कोणती परवानगी वगळायची तो आकडा) ००२ कुठून द्यायचा? की झेडएफएसवर एनएफएसव्ही४ एसीएल (परवानग्यांची सविस्तर यादी) लावून एसीएलइनहेरिट (फोल्डरची एसीएल नव्या फाइलींना देण्याचं सेटिंग) पासथ्रू करू, आणि तसं केलं तर जुन्या फाइलींना सेटएफएसीएल (एसीएल लावणारी कमांड) वेगळं मारावंच लागणार ना?