मदत हवी आहे: कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात रिसायकलिंगच्या शुल्कासाठी पॅकिंगचं वजन कसं धरायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही सरेमध्ये चकली, चिवडा करून भारतीय दुकानांना देतो. शिवाय कोल्हापूरहून मसाले, पापड मागवतो. इथे घरोघरच्या कागद-पॅकिंगच्या रिसायकलिंगचा खर्च २०१४ पासून उत्पादकांच्या माथी आहे, 'रिसायकल बीसी' या ना-नफा संस्थेमार्फत. प्रांतातली वार्षिक उलाढाल १० लाख डॉलरच्या आत किंवा पॅकिंग १ टनाच्या आत असेल तर सूट, इथवर समजलं. आमची उलाढाल यंदा वर जाईल, वजन मात्र अगदी काठावर आहे.

मसाल्यांचा ब्रँड तिकडचा, पण माल इथे आणणारे आम्ही. म्हणजे त्या पाकिटांचं वजनही आमच्याच खात्यात ना? आणि दुकानातच उघडले जाणारे खोके, जे गिऱ्हाईकाच्या घरी जातच नाहीत, ते धरायचे का? तेच सगळ्यात जड! सध्या रिकामी पाकिटं स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा-दहा करून मोजतोय.

चिवड्याची चकचकीत पिशवी घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात चालत नाही, रिसायकलिंग डेपोवरच न्यावी लागते. तिच्या शुल्काचा दर कागदी डब्यापेक्षा किती जास्त पडतो? कुणी पॅकिंगच्या वजनाचा वार्षिक अहवाल भरला असेल तर प्लीज सांगा. सल्लागाराची फी ऐकून घाम फुटलाय.