मदत हवी आहे: दाब स्थिर, आकारमान दुप्पट, मग इथे सीव्ही (स्थिर आकारमानाची मोलर विशिष्ट उष्णता) कुठून आला?

लेक यंदा बारावीला. तिला शिकवायला बसलो आणि मीच अडकलो.

गणित असं: २ मोल नायट्रोजन, ३०० केल्विन. दाब तोच ठेवून आकारमान दुप्पट होईपर्यंत तापवला. उष्णता, कार्य आणि आंतरिक ऊर्जेतला बदल काढा.

शेवटचं तापमान ६०० केल्विन. कार्य २ × ८.३१४ (वायू स्थिरांक आर) × ३०० = ४,९८८ जूल. इथवर उत्तर जुळतंय. पुढे दाब स्थिर म्हणून आंतरिक ऊर्जेला सीपी (स्थिर दाबाची मोलर विशिष्ट उष्णता, साडेतीन आर) लावला, १७,४५९ आले. त्यात कार्य मिळवून उष्णता २२,४४८. पुस्तकात मात्र माझे १७,४५९ उष्णतेसमोर छापलेत आणि आंतरिक ऊर्जा १२,४७१, तीही सीव्ही लावून! 'बाबा, असंच करायचं असतं' एवढंच लेकीचं म्हणणं. अहो, पण सीव्ही आकारमान स्थिर असतानाचा ना?

प्रतिसाद
सीपीत कार्याचा वाटा आधीच धरलेला असतो. तुम्ही तो परत मिळवलात, म्हणजे तेच ४,९८८ दोनदा मोजले.

सीव्हीचं कोडं असं सोडवा. पिस्टनला खिट्टी घाला आणि वायू ६०० केल्विनपर्यंत तापवा. आकारमान हललं नाही, कार्य शून्य. दिलेली सगळी उष्णता, सीव्ही म्हणजे अडीच आरच्या हिशोबाने १२,४७१ जूल, आत साठली. दाब दुप्पट झाला. आता खिट्टी काढा आणि तापमान ६०० वरच धरून वायूला हळूहळू दुप्पट फुगू द्या. दाब पुन्हा मूळचा. पोचलात तिथेच, जिथे तुमचं गणित संपतं. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते, म्हणून दुसऱ्या टप्प्यात तिच्यात काहीच भर पडली नाही. एकूण बदल १२,४७१च.

धागाकर्ता
खिट्टीने काम केलं! पण या वाटेने कार्य काढलं तर ६,९१५ येतंय, ४,९८८ नाही. स्थिर तापमानाच्या टप्प्याच्या सूत्रातला लॉग चुकला का?

प्रतिसाद
नाही, बरोबर आहे. उष्णताही १९,३८६ येईल. कार्य आणि उष्णता वाटेप्रमाणे बदलतात; दोन्ही वाटांवर त्यांची वजाबाकी करून बघा.

धागाकर्ता
दोन्हीकडे १२,४७१. आता लेक रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन आलीय, त्यात कार्याला उणे चिन्ह आहे.

प्रतिसाद
तिथे वायूवर झालेलं कार्य धन धरतात, म्हणून ते उष्णतेत मिळवायचं. पेपर कुठल्या विषयाचा, ते आधी बघायला सांगा तिला.