योगी खरंच हृदय थांबवतात का? की तो स्नायूंचा खेळ आहे?

रानवाटा:
योगी मनाच्या बळावर हृदय बंद पाडतात, असं योगशिबिरांतून अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे थांबायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. याची तपासणी केव्हाच झाली आहे. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक अमेरिकेतून यंत्रं घेऊन भारतात आले. दिल्लीच्या एम्सचे डॉ. बी. के. आनंदही या कामात होते. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांनी काय केलं? श्वास कोंडला, कंठ आवळला, पोट आणि छाती ताठ केली. छातीतला दाब वाढला की शिरांमधलं रक्त हृदयाकडे नीट परतत नाही आणि मनगटावरची नाडी बोटांना लागेनाशी होते. स्टेथोस्कोप लावला तर स्नायूंच्या घरघरीत ठोके बुडतात. ईसीजीच्या कागदावर मात्र ठोके उमटतच होते!

इंद्रायणीकाठ:
त्याच अभ्यासातला आणखी एक माणूस तुम्ही गाळलात. त्याने हृदय थांबवलं नाही, पण ठोके खरोखरच मंद केले, तेही ईसीजीवर दिसेल असे. शिवाय १९७० साली अमेरिकेत कॅन्ससच्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये स्वामी राम या योग्यांनी हृदय मिनिटाला सुमारे ३०० च्या गतीने फडफडवलं, १७ सेकंदांच्या आसपास. यालाही नजरबंदी म्हणणार?

रानवाटा:
नजरबंदी मी म्हटलेलंच नाही. स्वामी रामांनीही आधी पोटाचा बंध लावला होता, म्हणजे पोट आवळून धरलं होतं. म्हणजे हुकूम गेला तो पोटाच्या स्नायूंना आणि श्वासाला. हृदय त्यामागून फरफटत गेलं.

गवतफूल:
मग अंगावर मुद्दाम काटा आणणाऱ्यांचं काय? माझा मामेभाऊ हे करतो. टेबलावर हात ठेवून गप्पा मारता मारता कोपरापासून मनगटापर्यंतची लव उभी करतो, पुन्हा बसवतो. श्वास कोंडत नाही, चेहरा हलत नाही. केसांच्या मुळाशी असलेले ते बारीक स्नायू आपल्या इच्छेखाली नसतात, असंच शाळेत शिकलो ना? जेम्स हीदर्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये असं करू शकणाऱ्या ३२ जणांचा अभ्यास छापला. इथे तुमचा आडमार्ग कुठला?

रानवाटा:
प्रश्न बिनतोड आहे, आणि मला त्याचं उत्तर ठाऊक नाही. पण ही माणसं ते शिबिरात फी भरून शिकलेली नाहीत. माझा आक्षेप शिकवण्याच्या दाव्याला आहे.

इंद्रायणीकाठ:
शिकवताही येतं. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचा २०१४ चा प्रयोग बघा. विम हॉफ या थंडी सोसण्यासाठी गाजलेल्या डच माणसाच्या पद्धतीने काही दिवस भराभर श्वसन, ध्यान आणि थंडीचा सराव केलेल्या १२ जणांना जिवाणूंचं विषद्रव्य टोचलं. सराव न केलेल्यांपेक्षा त्यांचं अॅड्रिनलीन जास्त वाढलं आणि ताप, मळमळ, हुडहुडी कमी झाली. श्वासाच्या वाटेने गेले म्हणून ताबा खोटा कसा ठरतो? प्राणायाम म्हणजे दुसरं काय आहे?

खोलपाणी:
मी पोहायला शिकवतो, म्हणून कळकळीने लिहितोय. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते. त्याआधीच प्राणवायू संपून माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. धडपड नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटतं, मस्त बुडी मारलीय. पोरं व्हिडिओ बघून तलावात हे करतात हो! ताबा खरा की खोटा हा वाद चालू द्या, पण असला सराव पाण्यात किंवा पाण्याजवळ करायचा नाही, हे आधी सांगा.

इंद्रायणीकाठ:
पाण्याबद्दल शंभर टक्के मान्य. हृदयविकार असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये, हेही त्यात घाला. पण रानवाटा, यंत्र लावून बघायची रीत आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास व्हावा म्हणूनच. शिबिरवाल्यांनाही तेच सांगू या, ईसीजी लावा आणि मग बोला. ठोके मंद झालेले दिसले, तर तुम्हीही ते मानायचं.

रानवाटा:
मानेन. ईसीजीची पट्टी इथे टाका, सगळेच बघू.