हलकं पोरगं म्हणजे जॉकी नव्हे

भाऊ, शंकरपटातला, म्हणजे बैलजोडीच्या शर्यतीतला, धुरकरी (जोडी हाकणारा) पोरगा 45 किलोचा आहे, निडर आहे, मग तो जॉकी, म्हणजे शर्यतीचा घोडेस्वार, का होणार नाही, असं तुम्ही विचारलं. होऊ शकतो, पण हलक्या वजनानं फक्त उंबरठा ओलांडता येतो.

शंकरपट काही सेकंदांत आटोपतो, जोडी पहिल्यापासून सुसाटच सोडायची असते. डर्बी ही घोड्यांची मानाची शर्यत मात्र 2400 मीटरची. सुरुवातीलाच घोडा मोकळा सोडला की शेवटच्या 400 मीटरला त्याचा दम तुटतो. म्हणून 200 मीटर 12 सेकंदांत गेले की 14, हे जॉकीला घड्याळाविना कळावं लागतं. रिकीब (पाय ठेवायची कडी) आखूड, गुडघे वाकलेले, बूड खोगिरापासून वर. घोड्याची पाठ खालीवर होते, स्वाराचं अंग जागेवर राहतं. मांड्यांत दम नसेल तर ऐन शेवटी तो खोगिरावर आदळतो आणि घोड्याची लय मोडते.

नवशिक्या जॉकीच्या घोड्याला पाठीवरच्या वजनात सूट मिळते. ब्रिटनमध्ये सपाट (अडथळ्यांविना) शर्यतींत 20 विजयांपर्यंत 7 पौंड, 50 पर्यंत 5, 95 पर्यंत 3. सूट संपली की घोडे मिळेनासे होतात. खरी कसोटी तिथंच. ब्रिटिश जॉकी गॉर्डन रिचर्ड्स 26 वेळा चॅम्पियन, तरी इंग्लंडची डर्बी हाती लागली 1953 मध्ये, वयाच्या 49व्या वर्षी! तिथल्याच लेस्टर पिगट या जॉकीनं ती 18व्या वर्षीच जिंकली, एकूण 9 वेळा. पण उंच असल्यानं जन्मभर पोट मारून राहिला.

म्हणून पोराच्या आईवडिलांची उंची आधी बघा. आणि पाणी तोडून वजन उतरवू देऊ नका, त्यानं चक्कर येते, लगामावरची पकड सुटते.