मदत हवी आहे : नारायण पेठेतील जुन्या घराचा गिलावा दर पावसाळ्यानंतर सुटतो, चुन्याचे प्रमाण काय ठेवावे?

ओवरी (शुक्रवार, सकाळी ९.१०)

नमस्कार. नारायण पेठेतील आमच्या जुन्या घरात तळमजल्यावरच्या माजघराच्या भिंतीचा गिलावा दर पावसाळ्यानंतर सुटतो. गेल्या सहा वर्षांत तीनदा सिमेंटचा नवा गिलावा केला, दोनदा वॉटरप्रूफिंगचे रसायन लावले, आणि दरवेळी दिवाळीच्या सुमारास खालचा तीन फुटांचा पट्टा फुगून खाली आला. आता चुन्याचाच गिलावा करायचा असे ठरवले आहे. रंगाच्या दुकानातून चुन्याची चार पोती आणून ठेवली आहेत, गवंडी सोमवारी येणार आहेत आणि पंधरा जूनच्या आत काम उरकायचे आहे. चुना, वाळू आणि सुरखी (भाजलेल्या विटेची भुकटी) यांचे नेमके प्रमाण कृपया सांगावे. गूळ आणि हिरडा घालावा की नाही, तेही सांगावे. घर बिल्डरला देण्याचा सल्ला कृपया देऊ नये. आई याच घरात राहते आणि राहणार आहे.

थापी (शुक्रवार, सकाळी ९.५२)

प्रमाण सांगता येईल, परंतु गिलावा कशावर चढणार आहे हे कळल्याशिवाय ते सांगणे योग्य नाही. भिंत दगडाची आहे, पक्क्या विटांची आहे की भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांची? दर्जा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, मातीत आहेत की चुन्यात? ओल खालून चढते की वरून झिरपते? भिंतीच्या पलीकडे काय आहे? शिवाय रंगाच्या दुकानातला चुना सफेदीसाठीची विरवलेली भुकटी असते. ती किती महिने उघड्यावर पडून होती कोण जाणे; हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तिची अर्धीअधिक पुन्हा चुनखडी झालेली असेल, तर तिच्यात बांधून ठेवण्याची ताकद उरलेली नसते.

ओवरी (शुक्रवार, सकाळी १०.२०)

भिंत जुनी आहे आणि दोन फुटांच्या आसपास जाड आहे. विटांची असावी. पलीकडे बोळ आहे. हे सगळे ठीक आहे, पण गवंडी सोमवारी येणार आहेत, त्यामुळे मला प्रमाण हवे आहे.

पर्यवेक्षक_निवृत्त (शुक्रवार, सकाळी ११.३५)

पस्तीस वर्षे बांधकामांवर देखरेख केली, त्या अनुभवावर स्पष्ट सांगतो की चुन्याच्या मागे लागू नका. आज चुना मळणारा गवंडी मिळत नाही, मिळाला तर त्याला सवड नसते, आणि घाईत केलेला चुन्याचा गिलावा हाताने चोळला तरी पिठासारखा झडतो. तुमचा सिमेंटचा गिलावा सुटला याचे कारण बहुधा जुना पापुद्रा पूर्ण न खरवडणे आणि पाणी कमी मारणे हेच असणार. भिंत विटेपर्यंत उघडी करा, जाळी ठोका, एकास चार प्रमाणात सिमेंट आणि वाळू घ्या आणि सात दिवस पाणी मारा. मातीच्या दर्जांवर फार विश्वास ठेवू नका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत बांधलेल्या दगडी भिंतींनी किती माणसे दाबली, ते आमच्या पिढीने पाहिले आहे.

थापी (शुक्रवार, दुपारी १२.१५)

सर, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. किल्लारीच्या भिंती केवळ माती होती म्हणून पडल्या नाहीत. गोल, न घडवलेले दगड दोन वेगळ्या थरांत रचलेले, ते थर बांधणारे आरपार दगड नाहीत, कोपरे सांधलेले नाहीत आणि डोक्यावर फूटभर किंवा त्याहूनही जाड मातीचे माळवद (सपाट छप्पर), असे ते बांधकाम होते. मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी भारतीय मानक १३८२७ त्याच वर्षी, १९९३ साली, निघाले आणि त्यात भिंतींची लांबी, दारे-खिडक्यांची जागा, आडवे पट्टे यांचे नियम दिले आहेत. मातीने घर बांधूच नये, असे ते मानक म्हणत नाही.

आता गिलाव्याबद्दल. जुन्या जाड भिंतीच्या पायात ओलप्रतिबंधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी विटांच्या आणि दर्जांच्या सूक्ष्म छिद्रांतून साधारण मीटरभर उंचीपर्यंत चढते. भिंतीवर चुना किंवा माती असेल तर ते पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा त्या मानाने फार घट्ट असतो. वाफेला वाट मिळत नाही, पाणी आणखी वर चढते आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साठून फुलतात. हाच लोणा. क्षाराचे स्फटिक वाढले की त्यांच्या दाबाने विटेचा दर्शनी भाग सुटतो, आणि कठीण सिमेंट पडताना विटेचा एक पापुद्रा स्वतःबरोबर घेऊन जाते. म्हणून दर खेपेला भिंत थोडी पातळ होते. जाळी ठोकली तर ती हेच काम अधिक जोराने करील.

मुळशी_माती (शुक्रवार, दुपारी १.४०)

आम्ही सात वर्षांपूर्वी मुळशी तालुक्यात मातीच्या दाबून केलेल्या ठोकळ्यांचे घर बांधले आणि एप्रिलच्या दुपारीही आत पंखा पुरतो, कारण जाड भिंत दिवसाची उष्णता आत पोचवायला संध्याकाळ करते. ओवरीताई, चुन्यापेक्षा मातीचाच गिलावा करा. शेतातली माती आणा, भाताच्या पेंढ्याचे बोटभर तुकडे आणि शेण घालून आठ दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा आणि लिंपा. खर्च नगण्य येतो आणि पुढची डागडुजी घरच्या घरी होते. खोलीत आडभिंत घालायची असेल, तर आमच्याकडच्या कारवीच्या कुडासारखा, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपून केलेल्या भिंतीसारखा, हलका पर्याय नाही.

थापी (शुक्रवार, दुपारी २.०५)

शेतातली माती आणा, हे इतक्या सहज सांगू नये. पुण्याच्या पूर्वेकडची शेतातली माती बहुतेक ठिकाणी काळी, म्हणजे ओली झाली की फुगणारी आणि वाळली की हात जाईल अशी भेगाळणारी असते. ती भिंतीवर चढवली तर महिन्याभरात जाळीदार तडे जातील. मुळशीची तांबडी माती वेगळी.

मुळशी_माती (शुक्रवार, दुपारी २.३०)

हे मान्य. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमचीच माती होती. माती ओळखण्याची घरगुती रीत अशी : उभट काचेच्या बरणीत एकतृतीयांश माती घ्यावी, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवावे आणि एक दिवस हलवू नये. तळाशी वाळू बसते, तिच्यावर गाळ, सर्वांत वर चिकणमाती. वाळूचा थर निम्म्याहून चांगला जास्त आणि चिकणमातीचा पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक असेल, तर माती गिलाव्याला चालते. चिकणमाती जास्त दिसली तर वाळू मिसळून पुन्हा पाहावे.

बांबूप्रेमी (शुक्रवार, दुपारी ३.१०)

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. गच्चीवर बांबूची शेड करायची आहे, तर भुंगा लागू नये म्हणून बांबू नदीत बुडवून ठेवणे पुरेसे आहे का?

मुळशी_माती (शुक्रवार, दुपारी ३.२५)

पाण्यात ठेवल्याने बांबूतील पिठूळ अंश कमी होतो, परंतु तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवलेला बांबू घ्यावा. ते द्रावण पावसात धुऊन जाते, म्हणून छपराची पागोळी बांबूवर पडणार नाही अशी रचना ठेवावी. अधिक हवे असल्यास वेगळा धागा काढावा.

नदीकाठ (शुक्रवार, सायंकाळी ५.००)

ओवरी, तुम्ही नारायण पेठेत आहात, म्हणून एक प्रश्न विचारतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुराचे पाणी तुमच्या घरात आले होते का? त्या दिवशी मी अकरा वर्षांचा होतो आणि आमचे घर शनिवार पेठेत होते. भेंड्यांच्या भिंती कोसळल्या असे लोक म्हणतात. मी पाहिले ते कोसळणे नव्हते. पाण्यात बिस्किट बुडवल्यावर ते जसे खाली बसते, तशी आमची मागची भिंत बसली आणि वरचे लाकडी तुळयांचे छत काही वेळ खांबांवर तसेच उभे राहिले. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांतील अनेक घरांत जे उरले त्यावर, जे मिळाले ते, ज्याला जमले तसे बांधले गेले. त्यामुळे दोन फूट जाड भिंत आहे एवढ्यावरून आत काय आहे ते समजणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

ओवरी (शुक्रवार, रात्री ९.४५)

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्याला फोन केला. पाणी आमच्याकडे माडीच्या चौथ्या पायरीपर्यंत आले होते आणि बोळाकडची भिंत आजोबांनी नंतर पुन्हा बांधून घेतली होती. हे मला आजवर ठाऊकच नव्हते.

त्यानंतर मी स्वतः छिन्नी घेऊन दोन ठिकाणी हातभर जागा उघडी केली. सिमेंट वीतभर लांबीच्या ढलप्यात निघाले आणि त्याच्या पाठीवर कापसासारखा पांढरा थर होता; जिभेला लावला तेव्हा खारट-कडवट लागला. खाली काळ्या दगडाचे जोते आहे, ते जेमतेम फूटभर दिसते. त्यावर गुडघ्याच्या थोडे वरपर्यंत पक्क्या विटा आहेत, दर्जा मातीत आहेत आणि बोटाने उकरले तर माती ओल्या रव्यासारखी निघते. त्याच्या वर मात्र भाजलेल्या विटा नाहीत. मोठे, करड्या रंगाचे, आत गवताच्या काड्या दिसणारे ठोकळे आहेत. दुसऱ्या ठिकाणी गिलाव्याच्या आत लाकडी खांब निघाला. खांब आहे हेही आम्हाला माहीत नव्हते.

थापी (शुक्रवार, रात्री १०.१०)

करड्या रंगाचे ठोकळे म्हणजे भेंडे, आणि त्यांच्यामुळे माझे उत्तर बदलते. आता सर्वांत आधी तो खांब पाहा. वाड्याच्या बांधणीत माडीचे वजन पुष्कळदा खांब आणि तुळया पेलतात आणि भिंत मधली जागा भरते. खांब तळखड्यावर, म्हणजे पायाशी बसवलेल्या दगडावर, उभा असतो. तळखड्यालगतच्या लाकडात पेचकस टोचून पाहा : लाकूड टणक लागले तर ठीक, पेचकस बोटभर आत गेला तर गवंड्यांना थांबवा आणि जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी बोलवा. सिमेंटच्या आड कोंडलेले लाकूड सर्वांत आधी तिथेच कुजते.

पर्यवेक्षक_निवृत्त (शनिवार, सकाळी ७.३०)

भेंडे निघाले आहेत, तेव्हा जाळी आणि सिमेंटचा माझा सल्ला मी मागे घेतो. भेंड्यावर सिमेंट धरत नाही. परंतु जोते फूटभरच दिसते, या वाक्यावर माझे लक्ष अडकले आहे. नारायण पेठेत जुनी जोती दोन-अडीच फूट उंच असत. बोळाचे काँक्रिटीकरण कधी झाले आणि आज बोळाची पातळी तुमच्या आतल्या फरशीच्या वर आहे की खाली? पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्हीकडे धरा, म्हणजे अर्ध्या इंचापर्यंतचा फरक कळेल. बोळात पडलेले पाणी कोणत्या बाजूला वाहते, तेही पाहा.

ओवरी (शनिवार, सकाळी १०.५०)

नळीने मोजले. बोळ आमच्या फरशीपेक्षा चार इंच वर आहे. काँक्रीट गेल्या सात वर्षांत दोनदा झाले, दुसऱ्यांदा पहिल्याच्या डोक्यावर. बादलीभर पाणी ओतले, तर ते गटाराकडे न जाता आमच्या भिंतीला लागून उभे राहिले आणि वीस मिनिटांत दिसेनासे झाले. गिलावा सुटायला लागला तोही त्यानंतरच. ही दोन टोके मी आजवर जुळवलीच नव्हती. खांबाचे लाकूड टणक आहे, पेचकस दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला नाही.

पर्यवेक्षक_निवृत्त (शनिवार, सकाळी ११.१५)

मग तुमचे पहिले काम बोळात आहे. शेजाऱ्यांसह क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, मोजलेले आकडे आणि छायाचित्रे जोडा. भिंतीलगत फूटभर रुंदीची काँक्रीटची पट्टी काढून तिथे उतार दिलेली उघडी चर करायची, एवढीच मागणी ठेवा. सार्वजनिक जागेत परवानगीशिवाय खोदू नका आणि जोत्याच्या तळापेक्षा खोल तर मुळीच जाऊ नका. चर होईपर्यंत भिंतीलगत पाणी थांबणार नाही असा तात्पुरता उतार करून घ्या.

थापी (शनिवार, दुपारी १२.००)

सरांच्या या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. पाणी थांबले नाही तर कोणताही गिलावा टिकणार नाही, चुन्याचाही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. सोमवारी गवंड्यांना येऊ द्या, परंतु फक्त सिमेंट उतरवण्यासाठी. हलक्या हाताने, छिन्नी तिरकी धरून काढायला सांगा. ड्रिल मशीन वापरू देऊ नका. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका, पाण्याने धुऊ नका, नाहीतर क्षार विरघळून पुन्हा आत जातील. हा पावसाळा भिंत उघडीच ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पण वाळेल.

दसऱ्यानंतर पक्क्या विटांच्या पट्ट्यावर चुना, सुरखी आणि वाळू १:१:२ प्रमाणात घ्या. कळीचा (न विरवलेला) चुना आणून किमान महिनाभर पाण्याखाली मुरवा. तो पाण्यात पडताच उकळतो आणि उडतो, म्हणून पाण्यात चुना घालावा, चुन्यावर पाणी ओतू नये, डोळ्यांवर चष्मा असावा आणि आईंना त्या बाजूला येऊ देऊ नये. सुरखी चांगल्या भाजलेल्या विटेची, सिमेंटचा अंश नसलेली असावी. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, दोन थरांत आठ-दहा दिवसांचे अंतर हवे आणि त्या काळात ओले गोणपाट लावून ठेवावे. चुना हवेतून घट्ट होतो, महिन्याला जेमतेम मिलिमीटर. पंधरा जूनची मुदत म्हणूनच जमणारी नव्हती. गूळ आणि हिरडा यांचे पाणी जुन्या कामांत वापरत, परंतु गूळ जास्त झाला तर चुना आवळायला वेळ लावतो. पहिल्याच कामात ते टाळा.

भेंड्यांच्या भागावर मुळशीकरांचा मातीचा गिलावा आणि त्यावर चुन्याच्या सफेदीचे पातळ तीन-चार हात. तुमची चार पोती ताजी असतील तर तिथे उपयोगी पडतील. प्लॅस्टिक पेंट मात्र नको.

मुळशी_माती (शनिवार, दुपारी १२.२०)

दोन पोती चाळलेली तांबडी माती मी दसऱ्यानंतर पुण्याला येताना आणून देईन. आधी भिंतीच्या कोपऱ्यात वेगवेगळ्या मिश्रणांचे हातभर चौकोन लिंपा आणि आठवडाभर तडे पाहा, मगच मोठे काम धरा.

ओवरी (शनिवार, दुपारी १.०५)

गवंड्यांशी बोलले. त्यांच्या वडिलांनी चुन्याची घाणी चालवली होती, असे ते आज पहिल्यांदाच म्हणाले. मी कधी विचारलेच नव्हते. सोमवारी फक्त उतरवण्याचे काम करतील. अर्जावर बोळातल्या पाच घरांपैकी चार सह्या झाल्या आहेत, पाचवे कुटुंब रविवारी गावाहून येईल. एकच विचारायचे राहिले : पावसाळाभर भिंत उघडी असताना आईचा पलंग त्याच खोलीत ठेवला तर चालेल का?

थापी (शनिवार, दुपारी १.३०)

पलंग भिंतीपासून निदान तीन फूट दूर ठेवा, बोळाकडची खिडकी दिवसा उघडी राहू द्या आणि भेंड्यांच्या भागावर जुने सुती लुगडे सैल टांगा, म्हणजे माती अंथरुणावर झडणार नाही आणि वाराही अडणार नाही. आईंना दमा असेल, तर मात्र त्यांना माडीवरच झोपू द्या.